टोरहिल्डचं मत

"तुझं नाव माझ्या यादीत नाही," मी म्हणालो.

टोरहिल्ड हॅगे तोवर गाडीत चढून मागच्या सीटवर बसलीही होती. पायांशी पिशवी, मांडीवर थर्मास. "माहीत आहे," ती म्हणाली. "मला काही झालेलं नाही. मला नुसतं बघायचंय."

ऑक्टोबरातला मंगळवार होता, सकाळचे सव्वासहा. टर्नॉय बेटावरच्या रुग्णांना शहरातल्या इस्पितळात नेणारी गाडी मी चालवतो. मंगळवार, गुरुवार आणि शनिवार डायलिसिसवाल्यांचे. आधी चाळीस मिनिटं फेरीबोट, मग दीड तास रस्ता, चार तास मशीनला, आणि मग तोच प्रवास परत. यादीबाहेरचा माणूस गाडीत घ्यायचा नाही असा नियम आहे. पण टोरहिल्ड सत्तावीस वर्षं नगरसेविका होती, आणि मला वाटलं, राजकारणातली माणसं एकदा येतात, फोटो काढून घेतात आणि जातात. येऊ दे एकदा.

तिनं फोटो काढला नाही. पुढच्या मंगळवारी ती पुन्हा आली. त्याच्या पुढच्याही. सबंध हिवाळाभर येत राहिली.

तिला कशाबद्दलही प्रश्न पडत. मशीनला पाणी किती लागतं, ते आधी गाळायला किती जागा लागते, नर्सला हे शिकायला किती महिने जातात, असलं सगळं विचारून ती वहीत लिहून घ्यायची. आर्नल्योत म्हणून एक म्हातारा मच्छीमार नेहमी माझ्या शेजारी बसत असे. त्याला दिवसाला जेमतेम अर्धा लिटर पाणी प्यायची मुभा होती, म्हणून तो उकडलेलं अंडं ठेवायच्या छोट्या कपातून कॉफी प्यायचा. टोरहिल्डनं त्याला विचारलं, तहान लागली की नेमकं काय होतं. पंचेचाळीस वर्षं समुद्रावर काढलेला तो माणूस सीटवर मागे वळून बसला. मग म्हणाला, "हे आजवर कुणी विचारलं नव्हतं." आणि अर्धा रस्ता तेच सांगत बसला.

मलाही मग तिच्याबद्दल कुतूहल वाटायला लागलं. बेटावर सगळे सगळ्यांना ओळखतात, पण ओळखणं म्हणजे माहिती असणं नव्हे. मॉलफ्रिड, आमची निवृत्त शाळाबाई, तीही डायलिसिसवालीच, तिच्याकडून मला बरंच कळलं. टोरहिल्ड आधी मासळीच्या कारखान्यात कॉड साफ करायची. पुढे पालिकेतर्फे म्हाताऱ्यांच्या घरी जाऊन आंघोळी घालायची, जेवणं द्यायची. निवडणुकीच्या यादीत एक नाव कमी पडत होतं म्हणून पक्षानं तिचं नाव अगदी तळाला टाकलं. ज्यांच्या घरी ती जायची, त्या सगळ्यांनी तिच्याच नावापुढे खूण केली आणि ती निवडून आली. सभागृहातला तिचा पहिला ठराव दवाखान्याच्या पायऱ्यांना कठडा बसवण्याचा होता. लोक हसले म्हणे. कठडा बसला. मग रुग्णवाहिकेची बोट आली. मग प्रसूतिकक्ष वाचला. तो बंद करायचं ठरलं तेव्हा बेटावरच्या बायका विणकाम घेऊन एकोणीस दिवस आळीपाळीनं त्या खोलीत बसून राहिल्या, आणि टोरहिल्ड त्या सगळ्यांसाठी घरून वाफल आणि तपकिरी चीज आणायची. तिची मुलगी इंगुन तेव्हा बारा वर्षांची होती. पुढे त्याच खोलीत ती सुईण झाली.

फेब्रुवारीत वादळामुळे फेरी दोन आठवड्यांत चार वेळा रद्द झाली. एका मंगळवारी आर्नल्योतच्या दारात गाडी थांबवली, तर तो कोट न घालता नुसत्या स्वेटरवर उभा.

"आज नको, विदार," तो म्हणाला.

"मग गुरुवारी?"

"नाही. आता नकोच."

टोरहिल्ड उतरली आणि त्याच्या स्वयंपाकघरात गेली. मी आठ मिनिटं थांबलो. नवव्या मिनिटाला ती एकटीच बाहेर आली. गाडी फेरीवर चढली. मग मॉलफ्रिडनं विचारल्यावर ती म्हणाली, "तो म्हणतो, तीन दिवस मी रस्त्यावर असतो आणि तीन दिवस त्या रस्त्यातून सावरत असतो. उरलेल्या एका दिवसासाठी एवढं कशाला?"

आर्नल्योत दहाव्या दिवशी गेला, स्वतःच्या खिडकीपाशी.

त्यानंतर टोरहिल्डनं ती वही घेऊन आरोग्य मंडळाकडे इतक्या खेपा घातल्या की मंडळानं शेवटी लिहून दिलं, दोन मशीन मिळतील, नर्सही मिळेल. मात्र नवं बांधकाम होणार नाही. दवाखान्यातलीच एखादी खोली द्या. आणि पाण्याची जोडणी, सांडपाण्याची सोय आणि पुरेशी रुंदी असलेली खोली दवाखान्यात एकच होती. इंगुनची.

आदल्या वर्षी त्या खोलीत अकरा मुलं जन्मली होती. डायलिसिसवाले पाच होते, आर्नल्योत गेल्यावर चार. बेटावर जो तो हे आकडे एकमेकांपुढे ठेवून भांडत होता. घराघरांत दोन तट पडले. टोरहिल्ड कुणाच्या बाजूला, हे कुणालाच कळेना, कारण ती विचारल्यावर उलट विचारायची, तुला काय वाटतं आणि का. इंगुननं मला पुढे सांगितलं की घरीही ती असंच करत होती. इंगुन म्हणाली होती, "आई, तू मला विचारू नकोस. मी तुला काय सांगणार आहे ते तुला माहीत आहे." तरी टोरहिल्डनं विचारलंच, आणि तिचं सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

सभा मार्चमध्ये शाळेच्या व्यायामशाळेत भरली, कारण पालिकेत एवढी माणसं मावली नसती. सतरा सदस्य. एकेकाचं मत घेताना आठ बाजूनं आणि आठ विरुद्ध झाली आणि टोरहिल्ड उरली. इंगुन पहिल्या रांगेत कामाच्या कपड्यांतच बसली होती.

टोरहिल्ड उभी राहिली. ती चांगली वक्ता कधीच नव्हती. "बाळंतपण प्रत्येक बाईला एकदा, दोनदा, तीनदा," ती म्हणाली. "या चौघांना आठवड्याला तीनदा, मरेपर्यंत. मी सहा महिने गाडीत बसून बघितलंय. खोली मशीनला द्यावी असं माझं मत आहे. हे मत चुकीचं ठरलं, तर चूक माझी. पक्षाची नाही, आणि मशीनवर पडून राहणाऱ्यांची तर नाहीच."

इंगुन उठली आणि बाजूच्या दारानं निघून गेली. दार तिनं आपटलं नाही, हलक्या हातानं ओढून घेतलं.

सप्टेंबरात निवडणूक झाली. पक्षानं टोरहिल्डला यादीत ठेवलं, पण तिच्या नावापुढे खुणा करायला या वेळी कुणी उरलं नव्हतं. अठ्ठावीस वर्षं तिथं संपली. नोव्हेंबरात डायलिसिसची खोली सुरू झाली, आणि बाळंतपणासाठी बायका इंगुनबरोबर शहरात जाऊ लागल्या. उद्घाटनाला तिला बोलावणं होतं, ती गेली नाही. मॉलफ्रिड आता बर्फावरून पायानं ढकलायच्या घसरगाडीवरून स्वतःच दवाखान्यात जाते, चार तासांनी घरी येते आणि जेवण आपल्या टेबलावर जेवते. इंगुन वर्षभर आईच्या घरी गेली नाही. नाताळातही नाही.

पुढच्या जानेवारीत सिनोवे नावाच्या मुलीला तीन आठवडे आधीच कळा सुरू झाल्या. तिला आणि इंगुनला घेऊन मी निघालो. फेरी अर्ध्या वाटेवर असताना मूल माझ्या गाडीत जन्मलं, खाली मोटारींच्या डेकवर, उणे नऊ अंशांत. मी हीटर पूर्ण चालू करून टॉर्च धरून उभा होतो. मूल रडायला जेवढा वेळ लागला, तो मी आयुष्यात विसरणार नाही. दोघंही सुखरूप राहिली. पण संध्याकाळपर्यंत बेटावर एकच नाव सगळ्यांच्या तोंडी होतं, टोरहिल्डचं.

आठवड्यानं टोरहिल्ड सिनोवेच्या घरी गेली. कुणी बोलावलं नव्हतं. सिनोवेनं तिला आत घेतलं, कॉफी मात्र दिली नाही, आणि बाळ कडेवर ठेवून म्हणाली, "तुझ्यामुळे याला काही झालं असतं, तर तू काय म्हणणार होतीस?" टोरहिल्ड म्हणाली, "काही म्हणता आलं नसतं." मग तिनं वही काढली आणि परवानगी विचारून पहिल्या कळेपासूनच्या वेळा लिहून घेतल्या. हे मला सिनोवेनंच सांगितलं. आधी तिला रागच आला होता. पण तासाभरानं आपणच काहीबाही आठवून सांगत होतो, असं ती म्हणाली.

त्यातून टोरहिल्डनं मागणी तयार केली. शेवटचे तीन आठवडे गरोदर बाईला इस्पितळाजवळ राहायला फुकट खोली मिळावी, तिच्या माणसालाही मिळावी, आणि सुईण चोवीस तास बोलावण्यावर असावी. पण मांडणार कुठे? सभागृहात तिला आता बोलायचा हक्क नव्हता. सभेच्या सुरुवातीला नागरिकांसाठी अर्धा तास असतो, तेवढाच.

फेब्रुवारीतल्या सभेला मीही गेलो होतो. पालिकेच्या सभागृहात मागच्या ओळीत, रेडिएटरपाशी आम्ही दोघं बसलो होतो. इतके दिवस मनात असलेलं मी तिला विचारून टाकलं. आज पुन्हा मत द्यायचं असतं तर?

तिनं चष्मा पुसला. "रोज वेगळं उत्तर येतं, विदार," ती म्हणाली. "आर्नल्योतच्या घरावरून गेले की एक येतं. सिनोवेच्या घरावरून गेले की दुसरं."

तेवढ्यात इंगुन आली. पाळीवरूनच आली असावी, बुटांना बर्फ होता. ती बसली नाही. तिनं आईच्या हातात दोन कागद दिले आणि म्हणाली, "गेल्या दहा वर्षांतल्या सगळ्या वेळा आहेत. घरातून निघाल्यापासून मूल होईपर्यंत. तू लिहिल्यास त्या अपुऱ्या आहेत." टोरहिल्डनं मान हलवली. इंगुन दारापाशी जाऊन भिंतीला टेकून उभी राहिली. गेली नाही.

रांगेत टोरहिल्डच्या पुढे दोघे होते. एकाची तक्रार बर्फ उपसण्याबद्दल होती, दुसऱ्याची कुत्र्याबद्दल. ती कोट हातावर घेऊन त्यांच्या मागे थांबली. तिच्या जागेवर आता एक दाढीवाला तरुण बसलेला होता आणि टेबलाखाली फोन बघत होता. नगराध्यक्षही नवीन होता, दोन वर्षांपूर्वी मुख्य भूभागावरून आलेला. तिची पाळी आली तेव्हा त्यानं कागदावरून मान वर केली आणि नियमाप्रमाणे म्हणाला, "नाव आणि पत्ता सांगा."

सभागृहात कुणीतरी खाकरलं. टोरहिल्डनं माईक आपल्या उंचीला खाली ओढला.

"टोरहिल्ड हॅगे," ती म्हणाली. "शेवटचं घर, जुन्या धक्क्याजवळ. टर्नॉय."

कारकुनानं ते लिहून घेतलं. मग तिनं इंगुनचा पहिला कागद उघडला.