ऑफ की फ्रॉम

मी माधवनगरची वाकळ बोलतेय. शहरात मला गोधडी म्हणतात. मला चंद्राबाईंनी शिवलं, आणि वरच्या थराला स्वतःच्या लग्नातलं हिरवं लुगडं लावलं. ते कापताना त्यांची कात्री दोनदा थांबली होती.

गल्लीतल्या बायकांनी परदेशातल्या एका दुकानाला माझा फोटो पाठवायचं ठरवलं. खाली इंग्रजीत लिहायचं होतं, ही कशाची बनलीय. ते काम आलं त्यांच्या सुनेकडं, क्रांतीकडं. गल्लीत बारावी झालेली ती एकटीच. विश्रामबागेत इंग्रजीच्या क्लासलाही जायची. तिनं ऋचा मॅडमना विचारलं, "मेड ऑफ की मेड फ्रॉम?"

मॅडम घाईत होत्या. "मूळ वस्तू ओळखू येत असेल तर ऑफ. टेबल लाकडाचं, तिथं ऑफ. रूपच पालटलं तर फ्रॉम. कागद लाकडापासून होतो, पण कागदात लाकूड दिसतं का?"

घरी येऊन क्रांतीनं मला मांडीवर घेतलं आणि सासूला विचारलं,

"आत्या, ह्यात तुमचं लुगडं दिसतंय का वो?"

चंद्राबाई माझ्याकडं बघेचनात. "लुगडं कुठलं आता? कापलं तवाच गेलं ते. वाकळ झाली त्याची."

क्रांतीनं फ्रॉम लिहिलं. लुगड्याचे काठ, त्यावरची बुट्टी, सगळं तिच्या हाताखाली दिसत होतं. पण सासूच्या तोंडाकडं बघून तिला तेच खरं वाटलं.

मला धरून चाळीस नगांची मागणी आली. गल्लीतल्या चौदा बायकांनी ट्रंका उघडल्या आणि जपून ठेवलेली लुगडी बाहेर काढली. दोन महिने अंगणात सुया चालल्या. आम्ही बोटीनं गेलो, आणि तशाच परत आलो. सोबत पत्र होतं. फ्रॉम वाचून, जुन्या साड्यांचं सूत काढून नवं कापड विणलं असेल, असं त्यांना वाटलं होतं. वापरलेल्या साड्या जशाच्या तशा जोडलेल्या त्यांना चालणार नव्हत्या.

मॅडमनी पत्र वाचलं. "क्रांती, ऑफ हवं होतं गं," एवढंच म्हणाल्या.

शेजारच्या अंबूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. "माज्या आईचं एकच लुगडं उरलं हुतं. तुज्या एका शब्दापायी कापलं म्या."

"आवं, मीच तसं सांगितलं तिला! मला बोला!" चंद्राबाई ओरडल्या. पण अंबूबाई तोवर वळल्या होत्या.

क्रांतीचा क्लास सुटला. आता ती शिरवळला एका कारखान्यात खोकी भरते, तिथंच खोली घेऊन राहते. सणालाही येत नाही. अंगणात बायका बसत नाहीत.

आम्ही चाळीसजणी माळ्यावर पोत्यांत आहोत. ओल शिरलीय, माझे टाके उसवायला लागलेत. तुमच्यापैकी कुणाला थंडी वाजत असेल तर मला न्या हो. माझ्याबद्दल काय लिहिलंय ते वाचू नका, नुसती पांघरा. ऊब द्यायला मला अजून येतं.

पण मला कोण काढणार? पोत्याचं तोंड चंद्राबाईंनी दाभणानं घट्ट शिवून टाकलंय. त्यानंतर त्यांनी सुई हातात धरलेली नाही.