नटावरची रेघ

रेघ जुळत नव्हती...

बोल्टवर आवळलेल्या नटाच्या माथ्यावरचा लाल तुकडा आणि खालच्या पट्टीवरचा लाल तुकडा – मंगळवारी ही एकच सरळ रेघ होती, नेलपॉलिशच्या ब्रशनं एका दमात ओढलेली – आज त्या दोहोंत तांदळाच्या दाण्याएवढं अंतर होतं. आणि तेही भलत्याच बाजूला. नट आपोआप सैल पडला असता तर वरचा तुकडा डावीकडे सरकला असता. हा उजवीकडे गेला होता. म्हणजे तिनं आवळला होता त्याहून नट आता घट्ट होता. म्हणजे कोणीतरी तो सोडवला होता आणि परत लावताना जरा जास्तच आवळला होता.

आर्डिथ त्यांच्या गाडीमागे ओढायच्या घराच्या, ट्रेलरच्या, पोटाखाली पुठ्ठ्यावर उताणी पडली होती, टॉर्च दातांत धरून. युमा शहराबाहेरच्या त्या वाळवंटात मार्च संपता संपता सकाळी नऊलाच खडी तापायला लागते, आणि पुठ्ठ्यातूनही ती पाठीला जाणवत होती. एकतीस वर्षं तिनं बस बनवण्याच्या कारखान्यात वायरिंग केलं होतं. आवळलेल्या प्रत्येक नटावर रंगाची एक रेघ मारायची, म्हणजे पुढच्या माणसाला लांबूनच कळतं की याला मागाहून कोणाचा हात लागलाय की नाही – ती सवय निवृत्तीनंतरही सुटली नव्हती, फक्त कारखान्यातल्या रंगाच्या जागी नेलपॉलिश आलं होतं, जे तिनं नखांना कधीच लावलं नव्हतं. एका जागी उभ्या असलेल्या गाडीचा नट हलत नाही. आणि हललाच तरी तो स्वतःला आवळून घेत नाही.

मीच केलं असणार, हा तिचा पहिला विचार.

हा विचार अलीकडे इतका तयार असायचा, पायात चपला घालून दारामागे उभ्या असलेल्या माणसासारखा. चष्मा सापडला नाही – मीच. गॅस चालू राहिला – मीच. पाच आठवडे झाले, ट्रेलरची सरकती भिंत कधी चालत होती, कधी नव्हती, आणि त्या पाच आठवड्यांत तिचा स्वतःवरचा विश्वास पुऱ्या आयुष्यात उडाला नव्हता इतका उडाला होता. तसं पाहिलं तर साधं काम. सोफा, जेवायचं टेबल आणि खिडकी असलेला घराचा तो भाग बटण दाबलं की मोटरवर कपाटाच्या खणासारखा तीन फूट बाहेर सरकतो, मुक्काम हलवायचा असला की आत घ्यायचा. तो आत आल्याशिवाय ट्रेलर रस्त्यावर नेता येत नाही. बस्स. एक बॅटरी, एक बटण, एक मोटर, चार वायरी. बसच्या एका दारात याच्या दसपट वायरी असतात...

तरी सापडत नव्हतं, आणि वाटेत कुठे अडकून बसेल याचा भरवसा नसताना निघताही येत नव्हतं. सकाळी बटण दाबलं तर नुसती शांतता. मीटर लावावं तर सगळं ठीक, मोटर घरघरत चालू. तिनं बटण बदललं, जोड घासून साफ केले, प्रत्येक वायर हातानं हलवून बघितली. शहरातला मेकॅनिक येऊन गेला, त्यानं अकरा वेळा बटण दाबलं आणि अकराही वेळा भिंत गुणी पोरासारखी आत-बाहेर गेली. तो काही बोलला नाही. हत्यारं आवरताना त्यानं लेलंडकडे बघितलं, तिच्याकडे नाही.

शेजारचा गॉर्डी, कॅनडाचा, दर हिवाळ्याला इथे येणारा, तो मात्र बोलला होता. "आर्डिथ, तुमची भिंत माझ्या मेव्हण्यासारखी आहे. चारचौघांत अगदी शहाणी." सगळे हसले होते, ती पण. तो गॉर्डीसुद्धा आता उद्या निघणार होता. उन्हाळ्याच्या आधी सगळ्यांचे ट्रेलर उत्तरेकडे जातात. निम्मा तळ रिकामा झाला होता, आणि वर स्पोकेनला त्यांची मुलगी कोरीन, एकेचाळिसाव्या वर्षी पहिलटकरीण, दर रविवारी फोनवर विचारायची, आई, निघालात का? बाळंतपणाला तीन आठवडे राहिले होते. मग ती विचारायची थांबली, आणि हे विचारण्याहून वाईट होतं.

पुठ्ठ्यावरून सरकत ती बाहेर आली आणि शर्टाच्या खिशातली वही काढली. मंगळवार: मोटरच्या अर्थिंगचा नट आवळला, रेघ मारली. बुधवार: बंद. गुरुवार – गुरुवारी काहीच नव्हतं, कारण गुरुवारी ती दवाखान्यात होती. स्मरणशक्तीची तपासणी. तिनंच लेलंडला सांगितलं होतं, टेबलाशी बसून, दोन्ही हात मांडीत धरून, की माझं डोकं जायला लागलंय, मला साधी वायर सापडत नाही, आणि बोलता बोलता ती रडली होती. लेलंडनं तिला जवळ घेतलं होतं. फोनही त्यानंच लावून दिला. दवाखान्यात तिला घड्याळ काढायला लावलं, पाच शब्द सांगून थोड्या वेळानं परत विचारले. चार आठवले. वयाच्या मानानं थोडं कमी आहे, सहा महिन्यांनी पुन्हा या, असं त्या तरुण डॉक्टरीणबाईंनी गोड आवाजात सांगितलं, आणि परतताना गाडी चालवत असलेली आर्डिथ सगळी वाट तो पाचवा शब्द शोधत होती.

आज शनिवार. वहीत नट सोडवल्याची नोंद नव्हती.

मी लिहायची विसरले असेन... पण पाना? तिचा दहा नंबरचा पाना पेटीत असायचा तिथेच होता, तिच्या पद्धतीनं, तोंड डावीकडे करून. पेटीच्या तळाशी दुसरा एक होता, जुना, गंजका, लेलंडच्या वडिलांचा, जो कोणी वापरत नसे. त्याच्या जबड्यात लाल रंगाचा एक कण अडकला होता.

तिनं तो कण नखानं काढून तळहातावर घेतला.

लेलंड? लेलंडनं आयुष्यभर टपाल वाटलं. वीज म्हटली की त्याचे हात मागे. शिवाय त्याचे गुडघे – खाली वाकायचं झालं तर तो आधी खुर्ची शोधतो. या पाच आठवड्यांत तो रोज तिच्याजवळ स्टूल टाकून बसला होता, ती खालून हात काढील तसा पाना देत, टॉर्च देत, पाणी देत. आज पुरे कर, आर्डिथ, असं किती मायेनं म्हणायचा... तिनं तो विचार झटकला. झटकल्यावर तो दोन पावलं मागे जाऊन उभा राहिला.

मग तिनं जे केलं ते करताना तिला स्वतःची लाज वाटत होती. ती परत खाली गेली, नट पुसला, नवी रेघ मारली आणि ती वाळेपर्यंत फुंकर घालत राहिली. वर येऊन बटण दाबलं. भिंत हलली. थोडी आत घेऊन तिनं परत बाहेर सोडली. लेलंड सँडविच करत होता. ती म्हणाली, सापडलं बहुतेक, आता नीट चालतंय, उद्या गॉर्डीबरोबरच निघू या का? तो म्हणाला, वा! सुरीनं टोमॅटो कापत म्हणाला, पाठमोरा. जेवण झाल्यावर तिनं कपड्यांची पिशवी उचलली आणि ती तळावरच्या धुलाईखोलीत गेली.

तिथे यंत्राच्या काचेमागे त्यांचे कपडे फिरत होते, त्याचा निळा शर्ट, तिचा गाऊन, परत शर्ट. चाळीस मिनिटं. ती प्रार्थना करणाऱ्यातली नव्हती, पण काहीतरी मागत मात्र होती, आणि काय मागतोय हे तिचं तिलाच कळेना. रेघ जुळावी – म्हणजे सकाळचं सगळं मीच केलेलं, म्हणजे डोकं खरंच जातंय. रेघ तुटावी – म्हणजे... यातलं एक मागायचं तर कुठलं मागते मी? शेचाळीस वर्षं सोबत असलेला नवरा की स्वतःची शुद्ध? कपडे थांबले. तिनं ते ओले, गरम, तसेच पिशवीत भरले.

लेलंड बाहेर छत्रीखाली शब्दकोडं सोडवत बसला होता. ती आत गेली, बटण दाबलं.

काही नाही. टिक्‌सुद्धा नाही.

ती बाहेर येऊन, त्याच्याकडे न बघता, पुठ्ठ्यावर आडवी झाली आणि खाली सरकली. टॉर्चची गरजच पडली नाही. बोट लावल्याबरोबर नट गरकन फिरला, लहान मुलाच्या दातासारखा सैल. आपण बाहेर कशा आलो, कधी उठून उभ्या राहिलो, हे तिला मागाहून कधीच आठवलं नाही. इतकंच, की ती उभी होती आणि लेलंडच्या उजव्या कोपराकडे बघत होती. कोपराच्या मऊ पडलेल्या कातडीवर खडीचे ठसे होते. ताजे. तसेच तिच्या कोपरावर पाच आठवडे होते.

"तुझ्या कोपराला काय झालं?"

त्यानं कोपर वळवून बघितलं. बराच वेळ बघितलं, आता ते कोपरच काहीतरी सांगेल अशासारखं. मग पेन्सिल कोड्याच्या वहीत ठेवून त्यानं वही मिटली.

"आत चल," तो म्हणाला. "गॉर्डी बघतोय."

आत त्यानं सगळं सांगितलं, उभ्यानंच, थांबत थांबत. नोव्हेंबरात उत्तरेकडून इकडे खाली येताना, घाटाच्या उतारावर, ती शेजारी झोपलेली असताना – त्याला डुलकी लागली नव्हती, तो नव्हताच. दिवा जावा तसा. परत आला तेव्हा चाकं रस्त्याच्या कडेच्या खाचांवरून खडखडत होती आणि पुढे दरी होती. किती सेकंद गेले ते ठाऊक नाही. तू जागी होऊन विचारलंस काय झालं, आणि मी म्हणालो वारा. त्यानंतर आणखी दोनदा, एकदा अंघोळीच्या खोलीत, एकदा पत्ते खेळताना हातात पत्ते असतानाच, कोणाला कळलं नाही. म्हणून तो तिला सांगायचा, तूच चालव, माझा गुडघा दुखतोय. पण मागे ट्रेलर जोडून चालवायचं काम कायम त्याचं, तिनं कधी केलं नव्हतं. डॉक्टरांना सांगावं तर परवाना जाणार. परवाना गेला की ट्रेलर विकायचा, आणि मग कोरीनच्या घरामागच्या खोलीत दोन खुर्च्या टाकून बसायचं. तो नट सोडवायला तुझ्याकडूनच शिकलो, तो म्हणाला. इतकी वर्षं टॉर्च धरलाय. पहाटे सैल करायचो, तू शोधायला लागायच्या आत परत आवळून ठेवायचो. रोज सकाळी वाटायचं, एवढा आजचा दिवस जाऊ दे, उद्या सांगू.

ती ऐकत होती. घाट, दरी, आपण तोंड उघडं टाकून झोपलेलो... हे सगळं कोणा दुसऱ्या जोडप्याबद्दल चाललंय असं तिला वाटत होतं. तिच्या डोळ्यांसमोर एकच गोष्ट होती, तो स्टुलावर बसून तिला पाना देतोय. जो नट त्यानं पहाटे सैल केला, तो शोधायला पाना.

"आणि मी इथे रडले तेव्हा?"

लेलंडनं मान खाली घातली.

"दवाखान्याचा फोन तू लावलास, लेलंड."

"हो."

"मी घड्याळ काढत होते आणि तू बाहेर बसला होतास."

"मला वाटलं, तू पास होशील," तो म्हणाला. "तू सगळ्यात पास होतेस. मग तुला बरं वाटेल, आणि मला थोडे दिवस मिळतील." मग, अगदी हळू, "मी वाईट माणूस आहे का गं?"

ती बाहेर गेली, नट आवळला – रेघ मारली नाही – आणि आत येऊन बटण दाबून धरलं. भिंत निघाली. घरघरत सोफा आला, टेबल आलं, खिडकीतलं वाळवंट जवळ जवळ येत गेलं, आणि शेवटी ठक्‌ होऊन सगळं थांबलं. मेकॅनिक येऊन गेल्यानंतर पहिल्यांदाच भिंत पुरती आत आली होती. आता उभं राहायला एक बोळकांडी तेवढी उरली, दोन माणसं समोरासमोर कशीबशी मावतील इतकी. लेलंड तिच्यापासून वीतभर अंतरावर होता. त्याचा चेहरा कागदासारखा झाला होता आणि पापण्या थरथरत होत्या.

"सोमवारी डॉक्टर," ती म्हणाली. "मी चालवीन."

त्यानं मान हलवली.

आता भीती वाटायला हवी होती. या माणसाच्या डोक्यात काहीतरी विझतंय, कदाचित आत्ता, इथेच पुन्हा विझेल. किंवा मग राग – तो तरी यायला हवा होता, पाच आठवड्यांचा, एकेका सकाळचा. ती वाट बघत राहिली. आणि मग तिला कळलं की काहीतरी आधीच येऊन बसलंय, दुपारी नट बोटाखाली गरकन फिरला तेव्हापासून, भीतीच्याही आधी, रागाच्याही आधी – आणि आपण त्याच्याकडे बघायचं टाळतोय. मी ठीक आहे. माझं डोकं शाबूत आहे. ते नटासारखंच घट्ट आहे, मी चुकले नव्हते, एकदाही नाही... शाळा सुटल्यावर पोरं पायऱ्यांवरून धावत सुटतात तसं हसू तिच्या छातीतून घशाकडे धावत सुटलं होतं, आणि समोर तो मरणाची गोष्ट सांगून उभा होता. हीच का मी? शेचाळीस वर्षांनंतर, सगळ्यांत आधी, हे? तिनं ओठ घट्ट मिटले. खांदे हलायला लागले ते मात्र तिला थांबवता आले नाहीत.

"रडू नको, आर्डिथ," लेलंड म्हणाला, आणि त्या अरुंद जागेत त्यानं कसाबसा हात वर करून तिच्या केसांवर ठेवला. "नको ना रडू."

ती रडत नव्हती. तिनं त्याला ते सांगितलं नाही.