टाळ्या थांबवा!

गोदामात पाय ठेवायला जागा नव्हती. खोक्यांवर, जिन्यावर, खिडकीच्या कठड्यावर माणसंच माणसं, आणि टाळ्यांचा नुसता कडकडाट! जमिनीपर्यंत चादर सोडलेल्या लाकडी चौथऱ्यावर मूळबाबा पाय खाली सोडून बसले होते. त्यांच्या पायाशी असलेल्या मडक्यातून मनगटाएवढं जाड, हिरवं मूळ सरसर वाढत होतं. वाटेत उंदरांसाठीचा चिकट कागद मुद्दाम पसरलेला. मूळ त्यावरून गेलं, पण कुठं म्हणून अडकलं नाही!

"विज्ञान जिथं दमतं, तिथं माझं मूळ चालू लागतं!" बाबा गरजले. "वाजवा टाळ्या! टाळ्या थांबल्या की मूळ रुसतं!"

मूळ वळलं आणि नेमकं पुढच्या रांगेतल्या धाकटीच्या मांडीवर टेकलं.

"निवडली! ही पोर मुळानं निवडली!"

झालं! बायका धाकटीचे गाल कुरवाळू लागल्या. मागं उभ्या तिच्या बहिणीच्या, थोरलीच्या छातीत नुसता जाळ उठला. काल शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात स्वतः बनवलेल्या नळीबद्दल ती घसा बसेपर्यंत बोलली होती, तेव्हा बघायला आले होते परीक्षक आणि वाट चुकलेला शिपाई. आणि या बाईसाहेब नुसत्या बसल्या, तर निवडल्या!

डोळे फाडून ती मुळाकडं बघत राहिली. चिकट कागदापाशी मुळावर एक काळा ठिपका होता. मूळ हातभर वाढलं, ठिपका जागचा हलला नाही. म्हणजे मूळ सरकतच नव्हतं! नवं मूळ टोकातून बाहेर पडत होतं.

'अरेच्चा! ही तर माझीच नळी!'

तेवढ्यात मूळ धाकटीशेजारी बसलेल्या आत्याच्या पोटाला लागलं. आत्याच्या पोटात गाठ होती. सोमवारी ऑपरेशन ठरलं होतं.

"गाठ मुळानं प्यायली!" बाबा म्हणाले. "कापाकापी रद्द!"

"खरंच?" आत्याचे डोळे भरून आले. "मग सोमवारी नाही जात मी."

"टाळ्या थांबवा!" थोरली किंचाळली.

दचकून सगळे थांबले. शांततेत चौथऱ्याखालून आवाज आला: फुस्स... फुस्स...

"जळतेस तू ताई!" धाकटी ओरडली. "मला निवडलं म्हणून!"

"जळकी कुठली!" मागून कुणीतरी साथ दिली.

"हो, जळते! प्रदर्शनापासून जळतेय!" म्हणत थोरलीनं दप्तरातून आपली प्लास्टिकची नळी काढली आणि तोंडानं हवा फुंकली. आत दुमडलेलं प्लास्टिक टोकातून उलगडत गेलं. चिकट कागदावरूनही!

"आत्या, शिवताना उलटी झालेली बाही तू आतून ओढून सुलटी करतेस ना? तसंच हे. हवा आतलं प्लास्टिक टोकातून बाहेर ढकलते. बाहेर आलेलं प्लास्टिक जागचं हलतच नाही, मग चिकटलं तरी अडणार कसं? एका बाजूचा दोरा ओढला की वळतं. ढिगाऱ्यात अडकलेल्या माणसापर्यंत आणि शरीरातल्या अरुंद नळ्यांतून असे मऊ रोबो न्यायची संशोधकांची खटपट चाललीय. पण गाठ पिणारं यातलं कुणीच नाही!"

"पोरखेळ!" बाबा फिस्कारले. "या जळक्या पोरीवर विश्वास ठेवाल?"

"नकाच ठेवू!" थोरली म्हणाली. "माझ्यावर नको, यांच्यावरही नको. चादर उचला आणि आपल्या डोळ्यांनी बघा."

कुणी हलेना. शेवटी आत्याच उठली. बाबांनी चादरीवर पाय दाबून धरला, पण आयुष्यभर कापड ओढलेल्या हातांपुढं तो किती टिकणार!

चौथऱ्याखाली हवेची गादी फुगवायचा पायपंप होता. त्यावर बाबांचा दुसरा पाय, अंगठ्याला गुंडाळलेला दोरा.

"अगं बाई," आत्या म्हणाली, "मी याच्या पायाला गाठ दाखवत होते होय! सोमवारी दवाखान्यात कोण येतंय माझ्याबरोबर?"

"मी!" दोघी बहिणी एकदमच ओरडल्या.

थोरलीनं धाकटीकडं रागानं पाहिलं. हिला प्रत्येक ठिकाणी पुढंच बसायचं असतं!