दिव्यांचा इशारा

आपल्यापैकी कितीजण हे करतात, हात वर करा पाहू! वळणाआड वाहतूक पोलीस वेग मोजत उभे दिसले, की समोरून येणाऱ्या गाड्यांना दिवे मिचकावून सावध करायचं. विमा कंपनीतला एक कारकून या कामात इतका तरबेज होता, की वसाहतीत त्याला सगळे 'दिवेदादा' म्हणत. एरवी तो कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण हे पुण्य त्याने कधी चुकवलं नाही.

त्या सकाळी गाडीत शेजारी त्याची थोरली बहीण बसली होती. ती रस्ते खात्यात इंजिनिअर. उपनगरातून जाणाऱ्या याच हमरस्त्यावर गाड्यांचा वेग कुठे आणि का बदलतो, हे तपासायचं काम तिच्याकडे होतं. घरून निघून वळण ओलांडलं, तिथे वेग मोजत उभे असलेले पोलीस मागे पडले आणि दिवेदादाने समोरून येणाऱ्या व्हॅनला दिवे मिचकावले. टपावर गाद्या बांधलेली ती व्हॅन एकदम मंदावली. ड्रायव्हरने हात वर करून आभार मानले.

"बघ ताई, कमी झाला की नाही वेग? तुमच्या पाट्यांना जमत नाही ते मी करतो."

"पोलीस मागे पडले की काय होतं ते बघ," ताई म्हणाली. "रस्ता रुंद, सरळ असला की पाय आपोआप दाबला जातो. चढ, दुकानं, पाऊस आला की सैल पडतो. पुढचा पळाला की मागचाही पळतो. पण वेग सर्वांत जास्त कुठे वाढतो, ठाऊक आहे? पोलिसांना ओलांडल्यावर! गेलेला वेळ भरून काढायला जो तो तिथून सुसाट सुटतो."

"म्हणजे आपल्या घरासमोर?"

"हो. बाबा रस्ता ओलांडतात ना, तिथेच."

"तू पण ना ताई! राईचा पर्वत करतेस," तो हसला.

ऑफिसच्या दारातच फोन वाजला. शेजारच्या काकू होत्या. "लवकर ये रे! तुझ्या बाबांना गाडीने उडवलंय. दवाखान्यात नेलंय. गाद्यांची व्हॅन होती, मेला थांबलासुद्धा नाही!"

तो तसाच दवाखान्याकडे धावला.

बाबा वाचले होते. हात प्लास्टरमध्ये, कपाळावर टाके. त्याने रडत रडत सगळं सांगून टाकलं. "मी इशारा केला नसता, तर पोलिसांनी त्याला तिथेच अडवलं असतं, बाबा! वर त्याने हात करून माझे आभार मानले!"

बाबा म्हणाले, "मीही हात केला होता रे त्याला. थांब म्हणून."

ताईने भावाच्या पाठीवर हात ठेवला.

त्या दिवसापासून दिवेदादाने इशारे बंद केले. एवढ्यावर तो थांबला नाही. आता तो पाटीवरच्या वेगानेच गाडी चालवतो, पोलीस असोत वा नसोत. समोरून रहदारी असली की मागच्यांना पुढे जाता येत नाही. मग अख्खी रांग त्याच्या चालीने चालते. मागे हॉर्नचा नुसता कल्ला! "वाजवा, हवा तेवढा वाजवा," असं पुटपुटत तो घरासमोर गाडी थांबवतो, आणि गळ्यात हात अडकवलेले बाबा सावकाश रस्ता ओलांडतात.

मित्रहो, पोलिसाच्या धाकाने कमी झालेला वेग पोलिसाची पाठ फिरेपर्यंतच टिकतो. रस्ता ओलांडणारा माणूस कुणाचा तरी बाप आहे, हे ज्याला कळलं, त्याला इशाऱ्याची गरज लागत नाही.