वेगळे उकळायचे कपडे

समोरच्या टेबलावरच्या कंत्राटदाराने सूप संपवलं, नॅपकिन उचलला, आधी ओठ पुसले, मग मिशा, आणि मग नॅपकिनच्या कोपऱ्याला पीळ देऊन दातात अडकलेलं काहीतरी काढायला लागला. कोपऱ्यावर हिरव्या दोऱ्याची डहाळी होती, तीन पानांची. ती त्याच्या दाढेपर्यंत गेलेली बघून मला हसू आणि उमासा एकदमच आला.

शेजारी बसलेल्या आत्याने मला कोपराने ढोसलं.

"दात आवर."

"अगं, चोखतोय तो."

"दिसतंय मला. तू आवर."

नवीन हॉटेलचं उद्घाटन होतं. आमची लाँड्री त्यांचे कपडे धुणार म्हणून आम्हाला बोलावणं, आणि दुसरं कारण ती डहाळी. नॅपकिनवर डहाळी, मेनूवर डहाळी, वेटरच्या खिशावर डहाळी, भिंतीवर पुरुषभर उंचीची डहाळी. संडासाच्या दारावरसुद्धा होती, आणि अख्ख्या हॉटेलात तेवढी एकच योग्य जागी होती. मेनूच्या पहिल्या पानावर छापलं होतं, "पिढ्यान्‌पिढ्या घराघरांत जपलेलं शुद्धतेचं प्रतीक." आत्याने ते वाचलं आणि कडू औषध घेतल्यासारखं तोंड केलं.

"हे कोणी सांगितलं यांना?"

मी पाणी प्यायला लागलो.

आता त्या डहाळीचं सांगतो. लाँड्रीत प्रत्येक घरच्या कपड्याला एक खूण असते, कोपऱ्यात, दोऱ्याची. कोणाचं वर्तुळ, कोणाची दोन टिंबं. हे काम आत्याचं. मला कळायला लागल्यापासून ती खिडकीजवळ बसून खुणा घालते आहे. लग्न केलं नाही, कुठे गेली नाही. लोक म्हणायचे, हिचं आयुष्य कोपऱ्यात गेलं, आणि ती म्हणायची, चादरीच्या कोपऱ्यात, तुमच्या नाही. तर या खुणा घराघराच्या. पण काही कपडे वेगळे उकळायचे असतात. अंथरुणाला खिळलेल्या माणसांचे. रक्त, पू, उलटी, बाकीचं तुम्ही समजून घ्या. माझे आजोबा अशा कपड्यांवर काळ्या शाईची मोठी फुली मारायचे. फुलीची चादर दोरीवर वाळत पडली की सगळ्या गल्लीला कळायचं कोणाच्या घरात काय चाललंय. लोक त्या घरचं पाणी प्यायचं बंद करायचे. एका मुलीचं ठरलेलं लग्न त्या फुलीने मोडलं, आणि ती मुलगी आत्याची मैत्रीण.

दुसऱ्या दिवशी आत्याने शाईची बाटली मोरीत ओतली आणि फुलीच्या जागी डहाळी काढायला सुरुवात केली. आमच्याकडची सगळ्यात देखणी खूण सगळ्यात घाण कपड्यांना. वाळत घातली तर लोक म्हणत, काय सुंदर भरतकाम आहे. ज्यांच्या घरी ती गेली त्यांनाही वाटायचं, लाँड्रीवालीने जरा कौतुक केलं. अर्थ फक्त आम्हाला आणि कपडे उकळणाऱ्या भट्टीवाल्यांना माहीत.

मग हॉटेलवाल्यांची ही डिझायनर आली. पोरगी चांगली, बोलायला गोड. म्हणाली, "काका, जुनं कापड आहे का? मला आपले पारंपरिक आकार शोधायचेत." मी तिला मागच्या खोलीत नेलं. तिथे कोणी न नेलेले कपडे पडून असतात. आता विचार करा, लाँड्रीतून कपडे न्यायचे कोण विसरतं? माणूस गेलं की त्याची चादर न्यायला कोणी येत नाही. म्हणजे फळीवर सगळ्या डहाळ्याच.

"काका, हा मोटिफ सगळीकडे आहे," ती श्वास रोखून म्हणाली. "घर वेगळं, कापड वेगळं, आकार तोच."

मग तिने एक चादर गालाला लावली आणि डोळे मिटून वास घेतला. चादर स्वच्छ होती, आमच्या भट्टीतून जंतू जिवंत बाहेर येत नाही. पण तिच्यावर कोण कसं गेलं ते मला माहीत होतं. माझ्या अंगावर काटा आला. आणि माझा स्वभाव असा की काटा आला की मला गंमत सुचते.

"याचा अर्थ काय हो काका?"

"शुद्धता," मी म्हणालो.

आत्याला बोललो नाही. म्हटलं, उद्घाटनाला बघू दे, हसून हसून मरेल.

ती हसली नव्हती. दारातून आत आल्यापासून तिने प्लेटला हात लावला नव्हता. नॅपकिन दोन बोटांनी उचलून टेबलाच्या पलीकडच्या टोकाला ठेवला होता.

तेवढ्यात कंत्राटदाराने चोखणं थांबवलं आणि नॅपकिन उजेडात धरला.

"अहो, ही तर आमच्या दादांच्या चादरीवर होती. अगदी हीच."

"आमच्याही," औषधाच्या दुकानवाली म्हणाली. "सासूबाईंच्या उशीवर. मला अजून आठवतंय."

मग काय विचारता. तिसऱ्या टेबलावरून एक, दारातून एक, आमच्याकडे होती, आमच्याकडे तर कितीतरी वर्षं होती. माणसं अभिमानाने हात वर करत होती. कंत्राटदाराच्या दादांच्या पाठीला झालेल्या जखमा, सासूबाईंची ती शेवटची आठवडाभराची उलटी, एकेकाच्या घरचा वास माझ्या नाकात परत आला. आणि हे लोक त्यावर टाळ्या देत होते. डिझायनर पोरीचे डोळे भरून आले. ती माइक घेऊन उभी राहिली.

"बघा, आपल्यालाच माहीत नव्हतं आपलं काय आहे ते. प्रत्येक घरात होतं."

"मास्तर, तुमच्याकडे पण असेलच की," कंत्राटदार मागे वळून ओरडला. "बाईंना सगळं टापटीप लागायचं. माझी नखं तपासून तपासून जीव खाल्ला होता त्यांनी."

मास्तर कोपऱ्यात एकटे बसले होते. ते आणि त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या बाई, दोघं आमच्या शाळेत शिकवायचे. बाई गल्लीतल्या प्रत्येक पोराचा रुमाल रोज तपासायच्या. डाग दिसला तर सगळ्यांसमोर उभं. सध्या बाई मुलीकडे गेल्यात, असं मास्तर सगळ्यांना सांगतात. बाई कुठेही गेलेल्या नाहीत. आतल्या खोलीत पडून असतात, त्यांना माणसं ओळखू येत नाहीत आणि काही आवरत नाही. मास्तर आमचं शटर उघडायच्या आधी मागच्या दाराने बोचकं घेऊन येतात, जमिनीवर ठेवतात आणि न बोलता जातात.

"बघायला लागेल," मास्तर म्हणाले.

पण ते बघतच होते. कंत्राटदाराकडे, मग दुकानवालीकडे, मग दारातल्याकडे. कोणाच्या घरी कधी कोण आजारी होतं, कोणाचं पोर त्यापायी शाळेला येत नव्हतं, हे त्यांच्याइतकं कोणाला आठवणार? मी त्यांच्या चेहऱ्यावर हिशोब जुळताना बघितला. त्यांचा अंगठा सावकाश सरकला आणि मांडीवरच्या नॅपकिनवरची डहाळी त्याने झाकून टाकली. मग त्यांनी आत्याकडे बघितलं.

"आता ज्यांच्या हातातून हे आलंय त्या आजींनाच विचारू," डिझायनर म्हणाली. "आजी, ही खूण कोणत्या कपड्यांवर घालायची, त्यामागचं काहीतरी सांगा ना."

खरं सांगतो, माझ्या जिभेवर वाक्य तयार होतं. एक वाक्य, आणि सगळ्या हॉटेलने सूप बाहेर काढलं असतं. असा चान्स जन्मात येत नाही. मी खुर्ची मागे सरकवली. आत्याने टेबलाखालून माझं मनगट धरलं. सुई धरून धरून तिची बोटं चिमट्यासारखी झालीत.

"तोंड उघडलंस तर मी तुला ओळखत नाही," ती हळूच म्हणाली आणि उठली.

माइक तिने घेतला नाही. तशीच बोलली.

"लाल दोरा लोकांना आवडायचा, निळा आवडायचा. हिरवा खपत नव्हता. उरला की काढायचे डहाळी. कोणाच्याही कपड्यावर. हाताला येईल त्याच्या."

"पण काही अर्थ असेल ना, आजी?"

"अगं डहाळी आहे ती. तिला कसला अर्थ?"

लोक हसले, टाळ्या झाल्या. "किती निरागस," डिझायनर कोणाला तरी म्हणाली. कंत्राटदाराने पुन्हा मिशा पुसल्या. मास्तर कधी उठून गेले ते दिसलंच नाही. मला मात्र समोरच्या सूपवर धरलेली साय बघवेना, आणि त्याहून माझा स्वतःचाच वास यायला लागला.

घरी आल्यावर दारात चप्पल काढताना आत्या म्हणाली, "शुद्धता काय?"

"गंमत केली गं."

"कोणाची?"

सकाळी हॉटेलची पोती आली. नॅपकिनच नॅपकिन, तेलकट, आंबूस, कोणी नाक शिंकरलेले, प्रत्येकावर डहाळी. भट्टीवाल्याने डोकं खाजवलं.

"आत्या, हे काय करायचं? सगळेच वेगळे उकळायचे?"

"खूण दिसत्ये ना? मग उकळ."

मागच्या दारावर मास्तर आले, आज उशिरा. नेहमीसारखं बोचकं खाली ठेवलं नाही, हातातच धरून उभे राहिले.

"उद्यापासून घरीच धुवीन म्हणतो," ते म्हणाले. "जमतं मला."

"जमत नाही तुम्हाला," आत्या म्हणाली. "तुमच्या शर्टाची कॉलर बघा. बाईंनी बघितली असती तर बाकावर उभं केलं असतं. द्या इकडे."

मास्तरांनी दिलं. जाताना कॉलरला हात लावून गेले.

आत्या खिडकीशी बसली आणि सुईच्या टोकाने बाईंच्या चादरीवरची डहाळी उसवायला लागली. एकेक पान. हिरव्या दोऱ्याचे तुकडे तिच्या मांडीवर पडत होते. मी दुसऱ्या रंगाचं रीळ पुढे केलं. तिने घेतलं नाही.

"खूण नको? हरवेल की."

"मी ओळखते."

दुपारी मागच्या दोऱ्या नॅपकिननी भरल्या. वारा होता. सगळ्या हिरव्या डहाळ्या फडफडत होत्या, रस्त्यावरची माणसं थांबून बघत होती, एकाने फोटोही काढला. मधोमध एक पांढरी चादर होती. तिच्यावर काही नव्हतं, फक्त कोपऱ्यात सुईची भोकं, आणि तीही जवळ गेलं तरच दिसत होती.