सदुसष्ट तास

वर्षाराणीला सासऱ्यांच्या त्या कॅलेंडरची भारी चीड होती. सरावलीतल्या दोन खोल्यांच्या घरात फ्रिजशेजारी ते टांगलेलं, आणि प्रत्येक तारखेखाली पेन्सिलीनं बारीक आकडे: ८.१०, ८.४५. ती सकाळी घराबाहेर पडली की एक, रात्री परतली की दुसरा. नागोराव तारापूरच्या एका कारखान्यात टाइमकीपर होते. अठ्ठावीस वर्षं गेटवर बसून माणसं कधी आत गेली नि कधी बाहेर आली, तेवढंच लिहिलं. निवृत्त झाले तरी हात गप्प बसेना. बरं, लिहा ना, पण सुनेचंच कशाला? मुलगा ज्ञानेश, तिचा नवरा, कारखान्यात पाळीवर जातो, त्याच्या नावाची एक रेघ नाही. म्हणजे हा पहाराच की, असं तिच्या मनात येई.

त्या रविवारी तर तिचा जीव आधीच थाऱ्यावर नव्हता. बोईसरच्या एका कन्सल्टन्सीत ती कारखान्यांच्या परवान्यांचे अर्ज, अहवाल तयार करायची. शनिवारी तिथल्या मालकांनी, हितेशसरांनी, सहज विचारावं तसं विचारलं होतं, की पालघर ऑफिसचं कामही तुम्हीच बघाल ना, सोमवारी सांगा. नाही म्हटलं आणि नोकरीच गेली तर? हो म्हटलं तर जगायचं कधी? सकाळपासून ती लॅपटॉप उघडत होती, मिटत होती. गॅसवरचं दूध उतू गेलं तरी तिला भान नव्हतं.

अशात दारात जागृती उभी. माकुणसार गावची मुलगी, गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब. घरोघर जाऊन सरकारी पाहणीचे प्रश्न विचारायचं तिचं काम.

"ताई, तुमी सल्लागार ऑफिसात, म्हणजे व्यावसायिक सेवेत. राज्यात या लोकांचे आठवड्याला सरासरी किती तास कामात जातात, ते काढायचं हाय. तुमचे मागच्या आठवड्यात किती झाले?"

"अठ्ठेचाळीस," वर्षाराणी म्हणाली. ऑफिसच्या हजेरीत दर शनिवारी सगळे हेच भरायचे. काम कितीही झालेलं असो, आकडा हाच. जिभेला वळणच पडलं होतं.

नागोराव खुर्चीतून उठले. कॅलेंडर खिळ्यावरून काढून आणलं, चष्मा लावला आणि बोटानं एकेक तारीख मोजू लागले. वर्षाराणीचे कान तापले. आता परक्या पोरीपुढे म्हातारा माझी लक्तरं टांगणार.

"सदुसष्ट," ते म्हणाले. "रिक्षाचं जाणं-येणं अन् जेवणाचा अर्धा तास सोडून."

जागृती बघतच राहिली. "आजोबा, तुमी हे रोज लिहिता? कशाला?"

"आमच्या गेटवर जादा तास झाला तर मी लिहायचो, म्हणून तो पगारात धरला जायचा. ज्ञानेशचंबी गेटवर लिहितेत. हिच्या ऑफिसला गेटच न्हाई. मंग हिचं कोन लिहिणार?"

वर्षभर ज्याचा तिनं राग राग केला, ते हे होतं. वर्षाराणीला रडू आलं, आणि रडू आल्याचाही राग आला.

जागृतीनं आकडा बदलला. "शेवटचा प्रश्न, ताई. आणखी काम मिळालं तर करायला वेळ हाय का?"

तोंडात 'हो' आलंच होतं. तिनं ते आवरलं.

"नाही," ती म्हणाली. मग कॅलेंडरकडे बघत पुन्हा एकदा म्हणाली, "नाही."

सोमवारी हितेशसरांनाही तिनं तेच सांगितलं. ते पेन फिरवत "बघू" एवढंच म्हणाले. त्या 'बघू'त काय होतं देव जाणे. तरी संध्याकाळी सहाला तिनं बॅग उचलली.

ती घरी आली तेव्हा नागोराव पेन्सिल घेऊन उठले. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, मग तिच्याकडे, पुन्हा घड्याळाकडे. आणि स्टूल ओढून वर चढायला लागले.

"काय झालं, मामा?"

"सेल संपला वाटतं," ते म्हणाले. "सहा वीसच दाखवतंय."