खेकड्यांची वाट

"बाबा, पिशवी आहे ती," लेक हळूच म्हणाली.

पण तोवर "बगळा!" म्हणत आजोबांनी गाडी थांबवली होती. मागच्या बाकांवरची शाळकरी मुले श्वास रोखून खाडीतल्या खुंटावरचा पांढरा बगळा बघत होती. वारा सुटला आणि बगळा फुगला.

"आजोबा, तुमच्या बगळ्याला धरायला बंद आहेत!" दोन वेण्यांची मुलगी ओरडली. गाडीभर हशा पिकला.

"मग? बाजाराला निघालाय तो," आजोबा म्हणाले आणि त्यांनी गाडी पुढे काढली. शेजारी बसलेली लेक हसली नाही.

अभयारण्याची ही उघडी गाडी ते मिसरूड फुटल्यापासून चालवत होते. लेकही इथेच पक्षी दाखवायच्या कामाला लागली होती. गाडीचा परवाना तिनेही काढला होता. घरात हल्ली एकच वाद चाले.

"डोळे दाखवून घ्या, बाबा."

"अगं, हा रस्ता मी डोळे मिटून चालवीन."

"तेच करताय!"

आज सकाळी मात्र तिने निक्षून सांगितले होते, "ही एक फेरी बघते. जमली नाही, तर ऑफिसात मीच सांगणार."

भरती चढत होती. भरतीच्या वेळी खेकडे खाडीतून वर येतात आणि बांधावरचा रस्ता ओलांडून पलीकडच्या खारफुटीत शिरतात. भोंग्याला ते भीक घालत नाहीत. म्हणून आजोबांनीच रीत पाडली होती: खेकडे दिसले की गाडी थांबवायची, सीटमागचा मऊ झाडू घेऊन उतरायचे आणि त्यांना अलगद बाजूला सारायचे. "आपण पाहुणे," नव्या ड्रायव्हरांना ते सांगत, "पाहुण्याने यजमानाला तुडवू नये."

वळणावर चाकाखाली काहीतरी करकन फुटले.

आजोबांनी ब्रेक दाबला. लेक समोर बघत राहिली.

"काय मोडलं, आजोबा?" वेण्यांच्या मुलीने विचारले.

वाळकी काटकी, असे अगदी ओठांवर आले होते.

"खेकडा होता, बाळा," ते म्हणाले. "मला दिसला नाही."

आजोबांनी इंजिन बंद केले, किल्ली काढली आणि लेकीच्या हातात ठेवली.

"बाबा, फेरी तरी पुरी करा. मग बघू."

"पुढे अजून असतील. सरक इकडे."

त्यांनी चाचपडत झाडू काढला आणि खाली उतरले.

"पण तुम्हाला तर दिसत नाही ना?" मुलीने वाकून विचारले.

"म्हणून तर सगळाच रस्ता झाडणार. मग दिसायची गरजच काय?"

लेक ड्रायव्हरच्या सीटवर बसली. तिचे पाय पेडलपर्यंत पोचेनात. सीट पुढे ओढायला गेली, तर ती गंजून घट्ट बसलेली. इतक्या वर्षांत कुणी हलवलीच नव्हती. शेवटी तिने पाठीमागे एका मुलाचे दप्तर लावून घेतले आणि गाडी सुरू केली.

पुढे आजोबा कमरेत वाकून, या कडेपासून त्या कडेपर्यंत झाडू फिरवत चालले होते. त्यांनी एकदाही मागे वळून पाहिले नाही. इंजिनाचा आवाज फार जवळ आला, की तेवढा डावा हात वर करत. लेक थांबे.

बगळे आता खरोखरच उतरले होते. मुले मात्र झाडूकडे बघत होती.